आखूड बंध मजबूतच असतो का?

बंध जितका आखूड, तितका मजबूत. अकरावी-बारावीच्या वहीत हे वाक्य सगळ्यांनी लिहिलेलं असतं. नियम खोटा नाही, पण त्याला एक अट आहे आणि पाठांतरात नेमकी तीच गळून जाते. धातूंच्या कॉम्प्लेक्सकडे वळलं की तिची किंमत मोजावी लागते. कॉम्प्लेक्स म्हणजे मधोमध धातूचा अणू किंवा आयन आणि त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले छोटे रेणू. या छोट्या रेणूंना लिगंड म्हणतात.

आधी नियमाची भक्कम बाजू बघू. बंधाची लांबी म्हणजे दोन अणूंच्या केंद्रकांमधलं अंतर. ते पिकोमीटरमध्ये मोजतात. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. बंधाची ताकद म्हणजे तो तोडायला लागणारी ऊर्जा, आणि ती सांगतात किलोज्यूल प्रति मोल या एककात (मोल म्हणजे रेणू किंवा बंध मोजायचा एक ठरलेला मोठा गठ्ठा). आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो, खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धावपळीतली ऊर्जा साधारण 2.5 किलोज्यूल प्रति मोल असते. त्याहून बरीच जास्त ऊर्जा लागणारा बंध टिकतो, त्याच्या आसपास असलेला बंध जुळतो आणि लगेच तुटतो.

कार्बन-कार्बन एकेरी बंध 154 पिकोमीटरचा असतो आणि तो तोडायला साधारण 350 किलोज्यूल लागतात. दुहेरी बंध 134 पिकोमीटर, सुमारे 610. तिहेरी 120 पिकोमीटर, सुमारे 840. दोन अणूंमध्ये जितके जास्त इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले, तितके ते जवळ ओढले जातात आणि तितके सोडवायला कठीण. हायड्रोजन हॅलाइड्सचंही तसंच. हायड्रोजन-फ्लोरिन बंध 92 पिकोमीटर आणि 570 किलोज्यूल, तर हायड्रोजन-आयोडिन 161 पिकोमीटर आणि 298. म्हणून तर हायड्रोजन आयोडाइड पाण्यात इतक्या सहज प्रोटॉन सोडतं.

आता फ्लोरिनचा रेणू घ्या. त्यातला बंध 142 पिकोमीटर, क्लोरिनमधला 199. नियमाप्रमाणे फ्लोरिन बराच मजबूत हवा. प्रत्यक्षात फ्लोरिन तोडायला जेमतेम 158 किलोज्यूल लागतात आणि क्लोरिनला 243. फ्लोरिनचे अणू इतके लहान, की बंधात भाग न घेणाऱ्या त्यांच्या इलेक्ट्रॉन-जोड्या अगदी समोरासमोर येतात आणि एकमेकींना ढकलतात. अणू जवळ आहेत खरे, पण अवघडून.

गळलेली अट ती हीच. तुलना त्याच दोन मूलद्रव्यांच्या बंधांमध्ये आणि शक्यतो सारख्याच परिस्थितीत हवी. मूलद्रव्य बदललं की लांबीचा अर्थच बदलतो, कारण प्रत्येक अणूचा आकार वेगळा आणि त्याचे इलेक्ट्रॉन पसरण्याची पद्धतही वेगळी.

एकाच आलेखातल्या तीन गोष्टी

दोन अणू लांबून हळूहळू जवळ आणले तर त्यांची ऊर्जा कशी बदलते, याचा आलेख काढता येतो. खूप लांब असताना काहीच घडत नाही. जवळ येऊ लागले की ऊर्जा घटत जाते. एका अंतरावर ती सगळ्यात कमी होते, आणि त्याहून जवळ दामटलं तर झपाट्याने वर चढते. ऊर्जा जिथे सगळ्यात कमी, ते अंतर म्हणजे बंधाची लांबी. तिथून पूर्ण सुटेपर्यंत जितकं वर चढावं लागतं, ती बंधाची ताकद. आणि तळाशी आलेखाचा बाक किती तीव्र आहे, त्यावरून बंधाचा ताठरपणा ठरतो. ताठर बंध ताणायला कठीण असतो आणि वेगाने कंप पावतो.

बोलताना आपण शेवटच्या दोन गोष्टी एकच समजतो. भाजलेला पापड ताठ असतो पण जरा दाबला की मोडतो. सुताची दोरी हवी तशी वाकते पण सहज तुटत नाही. ताठरपणा आलेखाच्या तळाशी कळतो, ताकद मात्र तळापासून काठापर्यंतची पूर्ण उंची सांगते. लांबीचं ताठरपणाशी चांगलं जमतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या रिचर्ड बॅजर यांनी 1934 मध्ये या दोघांना जोडणारं एक साधं सूत्र मांडलं आणि ते आजही वापरात आहे. ताकदीशी लांबीचं नातं मात्र बरंच सैल आहे, कारण ताकद बंध तुटल्यानंतर उरलेल्या तुकड्यांवरही अवलंबून असते.

तुकड्यांचं महत्त्व पाण्यातच दिसतं. पाण्याच्या रेणूतले दोन्ही ऑक्सिजन-हायड्रोजन बंध हुबेहूब सारखे, लांबी सुमारे 96 पिकोमीटर. तरी पहिला तोडायला सुमारे 497 किलोज्यूल लागतात आणि तो तुटल्यावर दुसऱ्याला सुमारे 428. पुस्तकात छापलेला 463 हा आकडा या दोघांची सरासरी आहे. प्रत्यक्षात तेवढ्या ऊर्जेने तुटणारा बंध त्या रेणूत नाहीच!

निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड

कॉम्प्लेक्समधली गंमत समजून घ्यायला कार्बन मोनॉक्साइडसारखा लिगंड नाही. 1890 मध्ये लुडविग माँड आणि त्यांचे सहकारी लँगर व क्विंके यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की साधारण 50-60 अंश सेल्सियसला हा वायू निकेलशी संयोग पावतो आणि निकेल टेट्राकार्बोनिल नावाचा द्रव तयार होतो. हा द्रव 43 अंशांनाच उकळतो आणि जबर विषारी आहे. त्याची वाफ 200 अंशांच्या आसपास तापवली की शुद्ध निकेल खाली बसतं आणि वायू परत मोकळा होतो. या युक्तीवर निकेल शुद्ध करण्याचा अख्खा उद्योग उभा राहिला.

लांबी-ताकदीच्या नजरेने या रेणूकडे बघा. निकेल-कार्बन बंध सुमारे 184 पिकोमीटर, सरासरी ताकद सुमारे 147 किलोज्यूल. त्याच सरळ रेषेत पुढचा कार्बन-ऑक्सिजन बंध सुमारे 114 पिकोमीटर. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये तो 113 पिकोमीटरचा असतो आणि तोडायला तब्बल 1072 किलोज्यूल लागतात. दोन अणूंच्या रेणूंमध्ये इतका मजबूत बंध दुसरा नाही. वाफ तापवली की निकेलकडचा बंध सुटतो, ऑक्सिजनकडच्याला धक्काही लागत नाही. माँड यांची प्रक्रिया चालते ती या तफावतीवर.

पण हे दोन बंध एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. कार्बन आपली एक इलेक्ट्रॉन-जोडी धातूकडे सरकवतो. धातू त्याच्या बदल्यात आपले काही इलेक्ट्रॉन कार्बन मोनॉक्साइडच्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागेत, परत देतो. याला बॅक-बाँडिंग म्हणतात. मेख अशी की ते रिकामं ऑर्बिटल अँटीबाँडिंग असतं, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉन गेले की कार्बन-ऑक्सिजन बंध सैल पडतो. धातूने जितकं जास्त परत दिलं तितका धातू-कार्बन बंध आखडतो आणि त्याच हिशेबाने कार्बन-ऑक्सिजन बंध लांबतो.

हे मोजायचं कसं? लांबीतला फरक एक-दोन, फार तर चार-पाच पिकोमीटरचा, आणि क्ष-किरणांनी स्फटिक तपासताना त्यातला बराचसा मोजमापातल्या चुकीत हरवतो. कंपनाची वारंवारता मात्र ठळक बदलते. मोकळा कार्बन मोनॉक्साइड 2143 या तरंगसंख्येला अवरक्त किरण शोषतो (तरंगसंख्या हे वारंवारतेचंच एक माप, एकक प्रति सेंटिमीटर). निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये हा आकडा 2060च्या आसपास येतो. निकेलच्या जागी कोबाल्ट आणि एक ऋण प्रभार ठेवला तर 1890, लोह आणि दोन ऋण प्रभार ठेवले तर 1790. तिन्ही कॉम्प्लेक्समध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या सारखीच आहे. फरक इतकाच की केंद्रातला अणू अधिकाधिक ऋण होत जातो आणि जास्त इलेक्ट्रॉन परत देतो. त्यामुळे कार्बोनिल संयुगांवर काम करणारे लोक बंधाच्या लांबीपेक्षा आधी अवरक्त वर्णपट बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

क्रोमियम विरुद्ध टंगस्टन

आतापर्यंत नियम शाबूत आहे, कारण तुलना कार्बन-ऑक्सिजनची कार्बन-ऑक्सिजनशीच होती. आता धातू बदलू. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि टंगस्टन आवर्तसारणीत एकाखाली एक येतात. तिघेही सहा-सहा कार्बन मोनॉक्साइड धरून सारख्याच आकाराची हेक्झाकार्बोनिल बनवतात.

क्रोमियम-कार्बन बंध 191 पिकोमीटर. मॉलिब्डेनम-कार्बन 206, टंगस्टन-कार्बनही 206. नुसत्या लांबीवरून कौल दिला तर क्रोमियम जिंकणार आणि बाकी दोघांत बरोबरी. पण सहापैकी पहिला कार्बन मोनॉक्साइड उपटायला क्रोमियमकडून सुमारे 154 किलोज्यूल लागतात, मॉलिब्डेनमकडून 169 आणि टंगस्टनकडून 192. सगळ्यात आखूड बंध सगळ्यात दुबळा निघतो, आणि ज्या दोघांची लांबी तीच त्यांच्या ताकदीत 20हून जास्त किलोज्यूलचा फरक.

कारण इलेक्ट्रॉनांच्या पसाऱ्यात आहे. क्रोमियमचे बंधात भाग घेणारे 3डी इलेक्ट्रॉन (3डी, 5डी, 4एस ही ऑर्बिटलांची नावं) केंद्रकाला बिलगून असतात. कार्बन मोनॉक्साइड कितीही जवळ आला तरी त्याच्यापर्यंत ते जेमतेम पोहोचतात. टंगस्टनचे 5डी इलेक्ट्रॉन ऐसपैस पसरलेले, त्यामुळे 15 पिकोमीटर लांबूनही लिगंडशी त्यांची गाठ जास्त घट्ट पडते. आणि मॉलिब्डेनमच्या खाली असूनही टंगस्टन मोठा का नाही? त्याच्या आधी लँथॅनाइड मूलद्रव्यांची रांग येऊन गेलेली असते. तिथे वाढलेल्या केंद्रकीय प्रभारामुळे अणू आखडतो. मला विचाराल तर लांबी आणि ताकद यांची फारकत दाखवायला ही तीन संयुगं शाळा-कॉलेजात नुसती दाखवली तरी पुरेत.

सरासरी घेतली तर क्रोमियमचा आकडा आणखी खाली येतो. सहाही बंध तोडून क्रोमियमचा सुटा अणू होईपर्यंतची ऊर्जा सहाने भागली की सुमारे 107 मिळतात. पहिल्या बंधाचे 154 होते. सुट्या क्रोमियममध्ये सहा बाह्य इलेक्ट्रॉन एकाच दिशेने फिरकी घेऊन वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये बसतात आणि ती रचना फार स्थिर असते. कॉम्प्लेक्समध्ये त्यांना जोड्या करून बसावं लागत होतं. म्हणून शेवटी मिळणारा सुटा अणू खुशीत असतो आणि सरासरी घसरते. निकेलचं नेमकं उलटं आहे. सरासरी 147, पण पहिला बंध तोडायला 104च्या आसपास पुरतात. तेव्हा कुठेही धातू-लिगंड बंधाची ताकद छापलेली दिसली की आधी विचारायचं, पहिल्या बंधाची की सरासरी?

या क्रोमियमचा आणखी एक टोकाचा नमुना आहे. क्रोमियमचे दोन अणू वायुरूपात जोडले तर त्यांच्यातलं अंतर फक्त 168 पिकोमीटर भरतं. धातूरूप क्रोमियममध्ये शेजारच्या दोन अणूंत ते 250 असतं. कागदावर हा सहापदरी बंध. तोडायला मात्र 150 किलोज्यूलसुद्धा लागत नाहीत, म्हणजे ताकदीने तो फ्लोरिनच्या रांगेतला. मॉलिब्डेनमची जोडी 194 पिकोमीटरवर असूनही सुमारे 430 किलोज्यूल मागते. क्रोमियमचे 3डी इलेक्ट्रॉन जवळ येण्याचा हट्ट धरतात आणि बाहेरचे 4एस इलेक्ट्रॉन त्या जवळिकीत चेंगरले जातात. पाच बंध खेचतात, सहावा ढकलतो.

मोरचूद

नियम सुरेख पाळणारं उदाहरण द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं आहे. बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर कालवतात ते मोरचूद, म्हणजे जलयुक्त कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या स्फटिकात तांब्याच्या आयनाभोवती सहा ऑक्सिजन असतात. पैकी चार पाण्याचे, 196 पिकोमीटरच्या आसपास. उरलेले दोन सल्फेटचे, वर आणि खाली, सुमारे 240 पिकोमीटरवर. दोन्हीकडे बंध तांबं-ऑक्सिजनच, आणि लांबचे दोन स्पष्टपणे दुबळे.

हा लांब-आखूडपणा केवळ स्फटिकातल्या दाटीमुळे आलेला नाही. मोरचूद पाण्यात विरघळवला आणि तांब्याभोवती सगळीकडे पाणीच आलं तरी तांबं काही रेणू जवळ धरतं आणि काही लांब ठेवतं. 1937 मध्ये हर्मान यान आणि एडवर्ड टेलर यांनी गणिताने दाखवलं की काही विशिष्ट इलेक्ट्रॉन-रचना पूर्ण सममित आकारात राहूच शकत नाहीत, रेणू स्वतःहून वाकडा होतो. तांब्याचा द्विप्रभारी आयन हे त्याचं ठरलेलं उदाहरण.

त्याचा परिणाम वेगात दिसतो. पाण्यात निकेलचा आयन आपल्याभोवतीचा एखादा पाण्याचा रेणू सेकंदाला साधारण तीस हजार वेळा बदलतो. तांबं हेच अब्जावधी वेळा करतं, म्हणजे लाखपटीहून जास्त वेगाने. लांबचे सैल रेणू निसटतात, आणि लांबट अक्ष सतत दिशा बदलत राहतो, त्यामुळे प्रत्येकाची पाळी येते. यावरून तांब्याची कॉम्प्लेक्स कच्ची असतील असं कुणाला वाटलं तर ते मात्र चूक. आयर्विंग आणि विल्यम्स यांनी 1953 मध्ये मांडलेल्या क्रमात मँगनीजपासून जस्तापर्यंतच्या द्विप्रभारी आयनांमध्ये तांब्याचीच कॉम्प्लेक्स सर्वांत स्थिर ठरतात. चटकन अदलाबदल होणं वेगळं आणि दुबळं असणं वेगळं.

लांबी जवळपास सारखी आणि परिणाम जिवावर बेतणारा, असं उदाहरण आपल्या रक्तात आहे. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्यामागे बऱ्याचदा हाच कार्बन मोनॉक्साइड असतो. हिमोग्लोबिनमधलं लोह त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी पसंत करतं. लोहापासून कार्बनचं आणि लोहापासून ऑक्सिजनचं अंतर बघितलं तर दोन्ही 180 पिकोमीटरच्या आसपास. लांबीवरून काहीच उमगत नाही. आणि दोनशेपट म्हणजे ऊर्जेत किती? शरीराच्या तापमानाला हिशेब केला तर जेमतेम 14 किलोज्यूल प्रति मोल. एका साध्या हायड्रोजन बंधाइतकीही नाही. उलट हिमोग्लोबिनमधलं प्रथिन ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाचा आधार देऊन हा फरक कमीच करतं. प्रथिनाशिवाय सुट्या हीममध्ये (हिमोग्लोबिनमधला लोह धरून ठेवणारा भाग) कार्बन मोनॉक्साइडची सरशी याहून कितीतरी मोठी असते.

स्फटिकात एक, हवेत दुसरी

आतापर्यंत आपण लांबी ही रेणूची स्वतःची, ठाम गोष्ट धरली. तीसुद्धा नेहमी तशी नसते. बोरॉन ट्रायफ्लोराइड आणि हायड्रोजन सायनाइड यांचा कॉम्प्लेक्स घ्या. वायुरूपात एकेकटा असताना त्यातलं बोरॉन-नायट्रोजन अंतर 247 पिकोमीटर, म्हणजे दोन रेणू नुसते शेजारी उभे. त्याचाच स्फटिक केला की अंतर 164 पिकोमीटर होतं, म्हणजे चांगला रीतसर बंध. फरक 80 पिकोमीटरहून जास्त! स्फटिकात आजूबाजूच्या ध्रुवीय रेणूंच्या विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडून बोरॉनकडे आणखी सरकतात, त्याने ध्रुवीयता वाढते, त्याने शेजाऱ्यांचा ओढा आणखी वाढतो. हे शक्य होतं कारण या कॉम्प्लेक्सचा ऊर्जेचा आलेख तळाशी जवळजवळ सपाट आहे. अंतर खूप बदललं तरी ऊर्जा फारशी बदलत नाही. अशा बंधाची लांबी विचारताना तो कुठे मोजला हेही विचारावं लागतं.

हायड्रोजनच्या रेणूबाबत तर बंध आहे की नाही, हा प्रश्नच डळमळीत होतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ग्रेगरी क्युबस आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये टंगस्टनचा एक कॉम्प्लेक्स प्रसिद्ध केला. त्यात हायड्रोजनचा रेणू न तुटता, आडवा, धातूला चिकटलेला होता. तोवर धातूजवळ गेलेला हायड्रोजन दोन अणूंत फुटतो असंच धरलं जायचं. मोकळ्या हायड्रोजनमध्ये अंतर 74 पिकोमीटर. न्यूट्रॉन विवर्तनाने, म्हणजे स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून मोजल्यावर, या कॉम्प्लेक्समध्ये ते 82 निघालं. पुढे इतर धातू आणि लिगंड वापरून 90, 100, 120 असे नमुने मिळत गेले, थेट 160पर्यंत, जिथे दोन हायड्रोजन एकमेकांशी नव्हे तर धातूशीच बांधलेले मानले जातात. धातूचे परत दिलेले इलेक्ट्रॉन इथेही अँटीबाँडिंग ऑर्बिटलमध्येच जातात. जितके जास्त, तितकं अंतर मोठं.

स्फटिक मिळत नसेल तर रसायनशास्त्रज्ञ एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घालतात आणि एनएमआर यंत्रात (चुंबकीय क्षेत्रात केंद्रकं तपासणारं यंत्र) त्या दोन केंद्रकांमधली जोडणी हर्ट्झमध्ये मोजतात. मोकळ्या रेणूत ती 43 हर्ट्झ असते. क्युबस यांच्या कॉम्प्लेक्समध्ये सुमारे 34. डायहायड्राइडमध्ये, म्हणजे हायड्रोजन पूर्ण फुटून दोन्ही अणू धातूला लागलेले असताना, दोनहून कमी. बंध कुठल्या आकड्यावर तुटला असं म्हणायचं, यावर मात्र एकमत नाही, आणि मधल्या नमुन्यांना लोक सरळ 'ताणलेले' म्हणून मोकळे होतात.